मधला मजकूर

बोईसर स्टेशनच्या बाहेर शेअर रिक्षा लागतात, त्या रांगेच्या मागे एक दुमजली इमारत आहे. मागच्या आठवड्यात चार्जर घ्यायला तिथल्या एका दुकानात शिरले आणि बाजूचा जिना दिसला. त्याच काळ्या पायऱ्या, तोच हलणारा लोखंडी कठडा, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थर. त्यातले तळाचे थर माझ्या वेळचेही असतील. वरच्या गाळ्यात आमचा कॉम्प्युटर क्लास होता, मी तिथे शिकवायचे. मी काही वर चढले नाही. दुकानदार खोक्यांतून चार्जर शोधत होता आणि माझ्या हातातला फोन टुणटुणत होता. भाचीने मला शंख-शिंपले जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपात घातलंय, "मावशी, तुला आवडतं ना हे सगळं" असं म्हणून. कुणीतरी भलामोठा मजकूर टाकला होता आणि बघता बघता त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. वाचायला निदान दहा मिनिटं लागतील असा मजकूर, आणि हात जोडायला मिनिटही लागलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. दुकानदाराला वाटलं मी त्याच्या किमतीवर चिडले, त्याने आपणहून कमी सांगितली.

त्या गाळ्याला एक वास होता. छपाईयंत्राच्या रिबनची शाई, यंत्रांवर घातलेली प्लास्टिकची झाकणं, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि कारखान्यातली पाळी संपवून सरळ क्लासला आलेल्या पोरांच्या कपड्यांतून येणारा केमिकलचा आंबूस दर्प. "मॅडम, लाइट गया," हे वाक्य मी तिथे जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. वारा कारखान्यांकडून फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, समुद्राकडून आला की उघडायचो. खिडकीखाली कंपन्यांच्या बसगाड्या येऊन थांबायच्या, पोरं जिन्यावरून धडधडत उतरायची आणि मग अर्धा तास गाळ्यात फक्त पंख्याचा आवाज.

नव्वदीची मधली वर्षं होती. क्लासच्या सरांनी कुठूनसा मोडेम आणला होता. चपटा, करड्या रंगाचा, वर लाल दिवे. रविवारी एसटीडी स्वस्त असायची तेव्हा सर त्यावरून मुंबईच्या एका बोर्डाला फोन लावायचे. बोर्ड म्हणजे कुणाच्या तरी घरी चालू ठेवलेला कॉम्प्युटर. जो तो आपापल्या गावाहून फोन लावून त्यावर मजकूर ठेवणार, दुसऱ्यांचा उचलणार. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग एकदम गप्प. गप्प झाला की जमलं. आठवड्याभराच्या गप्पा आम्ही एका दमात उतरवून घ्यायचो आणि लाइन तोडायचो, कारण मिनिटं चालू असायची. मग छापायचं. कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद यंत्रातून घडी घालत जमिनीवर उतरायचा. त्या बोर्डावर नाण्यांवाले होते, तिकिटांवाले होते, रेडिओवाले होते आणि शंख-शिंपलेवाले होते. तो शिंपल्यांचा कागद मी फाडून मामासाठी ठेवायचे.

मामा दांडीचा, इथून जवळच्या समुद्रकाठच्या गावचा. आईचा मोठा भाऊ. त्याने होडीवर जाणं का सोडलं ते घरात कुणी सांगत नसे आणि आम्ही विचारतही नसू. मी पाहिला तेव्हापासून तो किनाऱ्यावरच असायचा. मामी बोंबील वाळत घालायची, विकायला न्यायची. मामा जाळी विणून द्यायचा आणि ओहोटी लागली की खडपावर जायचा. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकांचा पट्टा. गावाच्या उत्तरेला, सुरूच्या बनापलीकडे, एक खडप होतं. गावात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं, कारण तिथे खाण्याजोगं फारसं मिळत नसे. मिळायच्या त्या कवड्या.

मी लहान असताना, म्हणजे सत्तरीच्या शेवटाला, मे महिन्यात आजोळी गेले की मामा मला तिथे न्यायचा. पाय कापू नयेत म्हणून त्याच्या जुन्या चपला सुतळीने माझ्या पायांना बांधायचा. खडकांच्या खळग्यांत राहिलेलं पाणी कोमट असायचं आणि त्याला कालवांचा, शेवाळाचा, ओल्या दोरखंडाचा वास यायचा. मामा एखादा दगड दोन्ही हातांनी उचलून हळूच उलटा करायचा. खाली काळपट, केसाळ असं काहीतरी चिकटलेलं असायचं. मला किळस यायची.

"हात लाव. चावत नाय," मामा म्हणायचा.

मी बोट लावायचे. मग ते काळं, केसाळ हळूहळू दोन्ही बाजूंनी मागे सरकायचं आणि आतून कवडी दिसायची. गुळगुळीत, ठिपक्याठिपक्यांची, आताच कुणी तेल लावून पुसल्यासारखी. घरात सारीपाटासाठी ठेवलेल्या कवड्या त्यापुढे मेलेल्याच.

"झगा काडला तिने," मामा म्हणायचा. "बगितलास? आता पुरे. ती अंड्यांवर बसलीय."

आणि तो दगड तो होता तसा परत ठेवायचा. तसाच म्हणजे अगदी तसाच. ज्या बाजूला टेकलेला होता त्याच बाजूला. दगडाची खालची बाजू उन्हाला लागली की तिच्यावरचं सगळं मरतं, हे त्याने मला केव्हा सांगितलं ते आठवत नाही. सांगितलंही नसेल. मामीने चुलीवरचं भांडं झाकावं तसा तो दगड झाकायचा, आणि आम्हा पोरांना ते न सांगता कळायचं.

तर असा हा मामा पुढे बोईसरच्या गाळ्यात येऊन बसू लागला. रविवारी मामी बाजारात सुकट घेऊन बसायची आणि तो जिना चढून वर यायचा. धुतलेला सदरा, हातात टोपी. बोर्डावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी अक्षर अक्षर लावत वाचताना तो कागदाची घडी एकेक उलगडायचा, शेवटपर्यंत जायचा आणि मग पहिल्यापासून पुन्हा वाचायचा. नागपूरच्या एका बाईंनी नदीतल्या शिंपल्यांबद्दल लिहिलं होतं ते तो आठवडाभर डोक्यात घेऊन फिरला. समुद्र न बघितलेली बाई शिंपले जमवते, या गोष्टीचं त्याला फार अप्रूप. मग त्याने लिहायचं ठरवलं. तो बोलायचा, मी टाइप करायचे. त्याची बोली मी पुस्तकी मराठीत करायचे आणि पुस्तकी मराठी इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला दुसरी अक्षरं येत नव्हती. इतक्या चाळण्यांतून गेल्यावरही त्यात मामा उरायचा. आधी सगळ्यांची विचारपूस, मग हवापाणी, मग गोष्ट, गोष्टीत दुसरी गोष्ट, आणि ओघात कुठेतरी मुद्दा.

बोर्ड चालवणारे गृहस्थ दादरचे. तिथे सगळे टोपणनावाने वावरायचे. यांचं नाव 'शंखनाद'. त्यांनी बोर्डाची रीतभात लिहून ठेवली होती, नव्या माणसाला ती सगळ्यात आधी दिसायची. चर्चा लांबतात, प्रत्येकाला वेळ नसतो, तेव्हा पहिला परिच्छेद वाचावा, शेवटचा वाचावा, मधला मजकूर चाळला तरी चालेल. फक्त उत्तर देताना आरंभी 'चाळलं' असा शब्द लिहावा, म्हणजे समोरच्याचा गैरसमज होणार नाही. मला तेव्हा हे फार सुसंस्कृत वाटलं. मामाला वाचून दाखवलं तर तो हसला.

"मासली घेवाला आलेली बाय पन टोपलीत खालपर्यंत हात घालते," तो म्हणाला. "ही शिकलेली मानसा वरची मासली बगून जातात?"

पुढे पुढे 'चाळलं' हा शब्दही कुणी लिहीना. त्याऐवजी लिहायचे, 'उत्तम माहिती, आभार'. मामाच्या प्रत्येक मजकुराखाली चार-पाच 'उत्तम माहिती, आभार' यायचे आणि मामा ते कागद घरी नेऊन मामीला दाखवायचा. मला शंका यायची. एकदा त्याने कवडी झगा कसा काढते ते सविस्तर सांगितलं, त्याखाली शंखनाद यांनी आभार मानले आणि पुढच्याच आठवड्यात विचारलं, जिवंत कवडी दिसते कशी, कुणी पाहिली आहे का? मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "इसरले असतील. कामाची मानसा हायत." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसला. मी पुन्हा टाइप केलं. मनातून मी तेव्हाच त्या माणसाला शिव्या देत होते.

थंडीच्या सुरुवातीला बोर्डावर टूम निघाली की शिंपलेवाल्यांनी कुठेतरी एकत्र भेटावं. मामा त्या रविवारी जिना चढून आला तो धापा टाकतच. "त्यांना सांग, आमच्याकडे या." मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. अमावास्येच्या जवळचा रविवार त्याने ठरवला. मोठी ओहोटी सकाळीच लागते, म्हणून उजाडता उजाडता या, असं सांगायचं होतं. मग तो बोलू लागला आणि मी टाइप करू लागले.

पहिल्या परिच्छेदात त्याने यायचं कसं ते सांगितलं: रस्ता, बन, बनापलीकडचं खडप, अगदी डोळे मिटून पोहोचावं असं. शेवटच्या परिच्छेदात जेवण: दुपारी आमच्याकडे, कोलंबी, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, घर कुणालाही विचारा. आणि मध्ये त्याचं खरं म्हणणं. आधी घरी या, चहा घ्या, मी तुमच्यासोबत खडपावर येतो. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. किनाऱ्यावर मेलेली कवडी सापडली तर खुशाल न्या, जिवंत कवडीला हात लावून बघा पण काढू नका, या दिवसांतही ती अंड्यांवर असते. हे सगळं एका गोष्टीत गुंफलेलं. त्याच्या आजोबांची, एका वादळाची, अशी काहीतरी गोष्ट.

मी म्हटलं, "मामा, हे मधलं वर घेते. पहिल्याच ओळीत."

"नको."

"अरे, ते मधलं वाचत नाहीत."

"बाय, पावना दारात आला, का त्याला पयला बोलाचा, ह्याला हात लावू नको, त्याला हात लावू नको? आसा बोलतात का कोन? पयला बस बोलाचा. पानी देवाचा. मंग चाय पिता पिता सांगाचा." मग तो म्हणाला, "मी सोबत हायच ना."

त्याच्या घरात तसंच होतं. माझ्या आईच्या घरातही तसंच होतं. मी तो मजकूर त्याने सांगितला तसाच ठेवला. त्याखाली पुढच्या खेपेला भरपूर आभार आले.

त्या रविवारी मी आदल्या दिवसापासूनच दांडीला होते. मामीने अंगण सारवलं होतं. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. मामाने पडवीत फळीवर त्याच्या कवड्या मांडून ठेवल्या, सगळ्या वाहून आलेल्या, रंग उडालेल्या, पण एकेकीची कुठे सापडली ती कथा त्याला पाठ. उजाडलं. चहाचं आधण ठेवलं, उकळलं, उतरवलं. गाडी येईना. ऊन भिंतीवर आलं, मामी दुसऱ्यांदा आधण ठेवायला उठली. मामा रस्त्यापर्यंत जाऊन येत होता. ओहोटी वाया चालली म्हणून तो हळहळत होता, आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. "रस्त्यात पंक्चर झाला असेल," तो म्हणत होता. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही.

पाणी भरायला लागून बराच वेळ झाल्यावर ते आले. दोन गाड्या. गुडघ्यापर्यंत भिजलेली, उन्हाने लाल झालेली, खुशीत असलेली माणसं. एकाच्या हातात पहार. आणि बादल्या. प्लास्टिकच्या, समुद्राच्या पाण्याने निम्म्या भरलेल्या. टोपी घातलेले उंचसे गृहस्थ पुढे झाले आणि मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, "मी शंखनाद. काय जागा दाखवलीत हो, सोनं आहे सोनं."

मामाने बादलीत पाहिलं. मीही पाहिलं. काळे झगे पाण्यात लोंबत होते. एकावर एक. तळाशी अंड्यांचे पिवळट पुंजके सुटून पडले होते.

मामाने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. मामीने पानं मांडली. मला ते सहन होईना. शंखनाद पहिला घास घेत होते तेव्हाच मी विचारलं, "आधी घरी या असं लिहिलं होतं, वाचलं नाहीत?"

ते जरा गोंधळले, पण शरमले नाहीत. "तसं चाळलं होतं मी. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद. लांब मजकुराला आपली रीतच आहे ना तशी."

"मधे दगडांचं लिहिलं होतं."

"हो का? असेल, असेल. फार सविस्तर लिहितात हे," असं म्हणून ते मामाकडे वळले आणि हसले. "आणि जिवंत घेतली तरच चकाकी राहते हो कवडीला. बाहेर पडलेली काय कामाची?" पडवीतल्या फळीकडे बघत ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे, आणि म्हणूनच मला त्यांचा आजही राग येतो.

मी पुढे बोलणार होते. मामाने माझ्याकडे न बघता म्हटलं, "जेवू दे त्यांना, बाय. कोलंबी वाड."

मी वाढली. ती मंडळी ताट पुसून जेवली, मामीच्या हाताची तारीफ केली, फोटो काढले, मामाला एक पेन भेट दिलं आणि दुपार कलताना गेली. बादल्या सांडू नयेत म्हणून गाड्या हळूहळू चालवत गेली.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी लागली तेव्हा मी आणि मामा बनातून खडपावर गेलो. वास लांबूनच आला. दुपारी भरतीचं पाणी वरून गेलं होतं, पण त्याआधी सकाळचं ऊन लागायचं ते लागून गेलं होतं. तिथे दगडच दगड पालथे पडले होते, पांढरी, गुलाबी, कधी ऊन न पाहिलेली पोटं वर करून. त्यांच्यावरचं जे काही बारीकसारीक होतं ते सुकून चिकटलं होतं. मामा वाकला आणि एकेक दगड उलटून ठेवू लागला. मीही लागले. पण कुठला दगड कुठे होता ते कसं कळावं? मामा एखादा उचलायचा, फिरवून बघायचा, एका खळग्यात बसवून बघायचा, मग दुसऱ्या. काही बसले. बरेच नाही बसले. काळोख पडत आला तरी तो थांबेना तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला घरी आणला. त्यानंतर वर्षभर तो ओहोटी साधून तिथे जात राहिला. कवडी पुन्हा दिसली नाही. निदान त्याला दिसली नाही, आणि दिसायची तर त्यालाच दिसली असती.

बोर्डावर मात्र उत्सव होता. कागद यंत्रातून उतरतच होता, आभारांवर आभार. शेवटी शंखनाद यांचा प्रश्न: आपल्या भागात अशी आणखी एखादी जागा आहे का? पुढची भेट तिथे ठेवू.

अशी जागा होती. माहीमच्या बाजूला, मुंबईच्या नव्हे, आमच्या पालघरकडच्या माहीमच्या, कुठल्याशा बागायतीच्या खाली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, नेमकी कुठे ते मामालाच. तिथल्या कवड्या मोठ्या आणि गडद, असं मामी म्हणायची. लग्नानंतर एकदा त्याने तिला तिथे नेलं होतं, पण वाट तिला आता आठवत नव्हती.

मामाने प्रश्न वाचला आणि कागदाची घडी परत घातली. वारा कारखान्यांकडून येत होता, खिडकी लावायला हवी होती, मी लावली नाही. मग तो म्हणाला, "लिव. नाय."

"एवढंच?"

"येवडाच."

त्याने तिथे लिहिलेला तो सगळ्यात छोटा मजकूर, आणि तो मात्र सगळ्यांनी पूर्ण वाचला. असं तोडून का बोलता, काही चुकलं का, अशी विचारणा करणारी उत्तरं आली. मामाने ती वाचली नाहीत. तो जिना पुन्हा चढलाच नाही. वर्ष-दीड वर्षात तो बोर्डही बंद पडला, सरांनी मोडेम विकला, मी लग्न होऊन पालघरला आले.

मला वाटायचं, मामा माहीमला जात असेल. एकटा, गुपचूप, मोठ्या ओहोटीला. दांडीला गेले की मी मामीला विचारायचे. ती म्हणायची, नाही गं, गावाबाहेर पडतच नाही. आपण गेलो तर कुणीतरी बघेल, कुणीतरी विचारेल, आणि विचारलं तर आपल्याच्याने सांगितल्याशिवाय राहवणार नाही, असं त्याचं म्हणणं. माणसाने आपली एक जागा वाचवण्यासाठी तिच्याकडे पाठ फिरवावी, आणि ज्यांनी ही वेळ आणली त्यांना त्याचा पत्ताही नसावा.

शेवटच्या आजारपणात मी त्याला भेटायला गेले होते. उन्हं उतरलेली, पडवीत खाट, मामी आत. त्याचे हात पांघरुणावर होते, दगडांनी कापलेल्या जुन्या रेघांसकट. मी म्हटलं, "मामा, माहीमची ती जागा मला सांगून ठेव. मी कुणाला सांगणार नाही. नुसती बघून येईन."

मी विचारणार नाही तर कोण विचारणार? त्याचा प्रत्येक मजकूर मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझ्या बोटांनी लिहिला होता, मधल्या गोष्टींसकट. त्या सगळ्या बोर्डावर त्याला पुरता वाचलेलं माणूस एकच होतं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पडवीत बसलेल्या त्या मंडळींकडे त्याने त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, अगदी आदबीने.

"तशी जागा नाय, बाय," तो म्हणाला. "निंग आता. येस्टी चुकंल तुजी."